निळ्या वायरचा इतिहास

१९१४ साली डेट्रॉइटच्या फ्रेडरिक सिब्ली या लाकूडव्यापाऱ्याला आपली होडी उत्तर मिशिगनमधल्या तळ्याकाठच्या घरी न्यायची होती. दारात फोर्डची मॉडेल टी उभी होती, पण होडी मोटारीत मावेना. तो ऑगस्ट फ्रूहॉफकडे गेला. फ्रूहॉफ हा लोहार, घोड्यांना नाल ठोकणारा आणि घोडागाड्या बांधणारा. त्याने दोन चाकांचा एक सांगाडा बांधला, त्याची दांडी मोटारीच्या मागे अडकवली आणि होडी मुक्कामी पोचली. सिब्ली एवढा खूश झाला की वखारीतली लाकडं वाहायलाही त्याने तसलाच सांगाडा मागवला. फ्रूहॉफने त्याला सेमी-ट्रेलर म्हटलं, १९१८ मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली आणि घोडे बाजूला पडले.

मिशिगनमध्ये राहणाऱ्याला ही गोष्ट कधी ना कधी ऐकावीच लागते. माझी निम्मी हयात इथे वायरिंग हार्नेसच्या धंद्यात गेली. मोटारीच्या पोटातून जाणारे वायरींचे जुडगे कुठून वळवायचे, कुठे बांधायचे, कुठला फ्यूज लावायचा, हे माझं काम. त्यामुळे या गोष्टीत मला दुसरंच काही खटकतं. होडी किती फुटांची, मोटार कुठली, व्यापाऱ्याचा धंदा काय, सगळं सांगतात. ब्रेकचं नाव कुणी काढत नाही. मॉडेल टीचा स्वतःचा ब्रेक बेताचाच. तिच्यामागे होडी लावून उताराला लागल्यावर सिब्लीच्या ड्रायव्हरने काय केलं असेल? ओढायची युक्ती सापडली की माणूस निघतो, थांबायचं कसं हे उताराला लागल्यावर आठवतं. ट्रेलरचा सगळा इतिहास मला असाच, उताराला लागल्यावर सुचलेल्या शहाणपणाचा वाटतो.

हे शहाणपण रेल्वेला फार आधी आलं होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक काढला, पण त्यात एक खोट होती. पाइप फुटला, डबे सुटले, की ब्रेकही गेला. म्हणून १८७२ मध्ये त्याने मांडणी उलटी केली. पाइपात दाब कायम भरलेला. दाब गेला की ब्रेक आपोआप लागणार. सुटलेला डबा स्वतःच थांबतो. १८९३ मध्ये अमेरिकेत असे ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले. आपल्याकडे व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात साखळी ओढली की पाइपात हवा शिरायची आणि गाडी थांबायची, त्यामागचं तत्त्व हेच. काहीतरी तुटलं तर गाडी थांबली पाहिजे. मोटारीमागच्या ट्रेलरला मात्र हे तत्त्व मिळालं नाही. त्याच्या वाट्याला विजेचा ब्रेक आला, आणि विजेच्या ब्रेकचं उलटं असतं: वायर तुटली की ब्रेक गेला. ही उणीव भरून काढायला पुढे काय काय करावं लागलं ते सांगतोच.

हा विजेचा ब्रेक ज्याच्या नावाने रस्त्यावर आला तो आर्थर वॉर्नर, विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावचा. मोठा हरहुन्नरी गडी. मोटारीचा वेग दाखवणारं यंत्र बनवून त्याने पैसा केला. स्टुअर्ट-वॉर्नर या नावातला वॉर्नर तो हाच. १९०९ मध्ये त्याने ग्लेन कर्टिसचं विमान विकत घेतलं आणि कुणाकडे धडे न घेता ते उडवलं. विस्कॉन्सिनच्या आभाळातलं ते पहिलं उड्डाण. मग १९२७ मध्ये त्याची वॉर्नर इलेक्ट्रिक ब्रेक कंपनी बेलॉइटमध्ये उभी राहिली, ट्रेलरांचे ब्रेक बनवायला. गंमत म्हणजे ज्याचं विमान त्याने घेतलं तो कर्टिसही याच सुमाराला एरोकार नावाचा राहायचा ट्रेलर बनवत होता. विमानवाल्यांना ट्रेलरचं वेड का लागावं याचं मला आश्चर्य वाटत नाही. हलकं, मजबूत आणि वाऱ्याला न अडणारं खोकं बांधायचं कसब दोन्हीकडे सारखंच लागतं.

या ब्रेकचं पोट उघडून दाखवायचा मोह मला आवरत नाही. ट्रेलरचं चाक काढलं की ड्रम दिसतो, आणि ड्रम उतरवला की आत नेहमीसारखे दोन शू. खाली मात्र एक दांडा, आणि त्याच्या टोकाला काडेपेटीहून जरा मोठा लोहचुंबक. करंट नसताना तो ड्रमच्या आतल्या सपाट पोलादी तोंडाला नुसता टेकून असतो. करंट आला की त्या फिरत्या तोंडाला चिकटू पाहतो, आणि ड्रम फिरत असल्यामुळे त्याच्यासोबत फरफटत जातो. तो फरफटला की दांडा वळतो आणि दांड्याचं दुसरं टोक शूंना फाकवून ड्रमवर दाबतं. चुंबकाला लागतो फक्त तीनेक अँपियर करंट. दोन आसांच्या ट्रेलरला चार चुंबक, म्हणजे बारा-तेरा अँपियर. दोन टनांचं ओझं थांबवायला एवढीशी वीज पुरते, कारण खरा जोर विजेचा नसतोच, तो फिरणाऱ्या चाकाचा स्वतःचा असतो. वीज फक्त चाकाला त्याच्याच विरुद्ध कामाला लावते. मला विचाराल तर मोटारउद्योगातल्या सुंदर कल्पनांच्या यादीत ही फार वर यावी, आणि ती तिथे कधी येत नाही, कारण ट्रेलर ही प्रतिष्ठेची वस्तू नव्हे.

जोर फिरत्या चाकाचा असल्यामुळेच हा ब्रेक उभ्या ट्रेलरला धरून ठेवण्याच्या कामाचा नाही. चाक फिरतच नसेल तर दांडा वळणार कसा? इथले जुने लोक ट्रेलर सोडवण्याआधी चाकाखाली लाकडाची पाचर सरकवतात. गावाकडे आपण दगड लावतो.

१९३० च्या दशकात अमेरिकेत राहायच्या ट्रेलरांची लाट आली. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मनने, तो खरा जंतुशास्त्रज्ञ, कुटुंबासाठी म्हणून एक ट्रेलर बांधला, १९३० च्या मोटार प्रदर्शनात मांडला आणि बघता बघता माउंट क्लेमन्सला त्याची कव्हर्ड वॅगन कंपनी देशातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. वॉली बायमचा चंदेरी एअरस्ट्रीम क्लिपर १९३६ चा. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसनने तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असं भाकीत करून टाकलं. ते काही झालं नाही, पण हजारो माणसं साध्या घरगुती मोटारीमागे घर बांधून डोंगर चढू-उतरू लागली. मोटारीचा ब्रेक मोटारीपुरता. तिच्याच वजनाचं घर मागे लावलं की तेवढ्याच ब्रेकला दुप्पट ओझं आणि थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर. ब्रेक तापून सुटला, तर अंतराचा हिशेबच संपला.

विजेचा ब्रेक होताच. अडचण अशी होती की किती वीज, कधी सोडायची हे ठरवणार कोण?

आज ज्याला ब्रेक कंट्रोलर म्हणतात तो म्हणजे या प्रश्नावरचं उत्तर, आणि हे उत्तर कित्येकदा बदललं. सुरुवातीला स्टिअरिंगपाशी हाताने फिरवायची एक मूठ असे. पायाने मोटारीचा ब्रेक, हाताने ट्रेलरचा. मग आले केल्सी-हेज. ही मुळात चाकं बनवणारी डेट्रॉइटची कंपनी. फोर्डच्या मॉडेल टीची लाकडी चाकं त्यांच्यातल्या केल्सीने पुरवलेली. त्यांचा कंट्रोलर मोटारीच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीलाच जोडलेला असायचा. पेडल जितकं दाबाल तितका तेलाचा दाब, आणि त्या दाबाने ट्रेलरकडे जाणारा करंट कमी-जास्त होई. कल्पना उत्तम, आणि पायाला जाणवणारा परिणामही उत्तम. ते वापरलेले म्हातारे अजून त्याची आठवण काढतात. पण मोटारीच्या ब्रेकची नळी फोडून तिला परकी वस्तू जोडायची म्हणजे गळतीला आमंत्रण. मोटारींना एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आल्यावर तर कुठलाच उत्पादक ब्रेकच्या नळीला हात लावू देईना. तो प्रकार तिथेच थांबला.

तेल सोडून पुन्हा विजेकडे यावं लागलं. ब्रेकचं पेडल दाबलं की मागचा लाल दिवा लागतो; त्या दिव्याची वायर पकडली की पेडल दाबल्याचा निरोप मिळतो. पण किती दाबलं ते दिवा सांगत नाही. त्यावर दोन तोडगे निघाले. एका जातीच्या कंट्रोलरमध्ये निरोप आला की करंट ठरलेल्या वेगाने वाढत जातो, पेडल हळू दाबा की जोरात. हा स्वस्त आणि मंदबुद्धी. दुसऱ्या जातीत आत एक छोटा लोलक टांगलेला. मोटार मंदावली की लोलक पुढे झुकतो, जितकी जोरात मंदावेल तितका जास्त, आणि तेवढाच करंट मागे जातो. दक्षिण मिशिगनमध्ये टेकोन्शा नावाचं खेडं आहे. चौकातून गाडी पुढे गेली की गाव संपतं. अमेरिकाभर ट्रकवाल्यांच्या डॅशबोर्डाखाली त्या खेड्याचं नाव चिकटलेलं आहे, कारण टेकोन्शा कंपनीचे कंट्रोलर. त्यांच्या व्हॉयेजरमध्ये हा लोलक होता, आणि बसवताना तो समतल आहे ना हे बाजूच्या खुंटीने जुळवावं लागे. पुढे लोलक जाऊन त्याजागी चिप आली, ती स्वतःच तिरकेपणा ओळखते. २००५ च्या सुपर ड्यूटी ट्रकांपासून फोर्डने कंट्रोलर कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली. त्या वर्षापासून माझ्यासारख्यांचं शनिवारचं काम कमी होत गेलं.

कमी झालं, संपलं नाही. आमच्या मराठी मंडळात आता दुसऱ्या पिढीला कॅम्पिंगचं वेड लागलंय. कुणीतरी छोटा ट्रेलर घेतो, आणि काकांना वायरिंग येतं ही बातमी आधीच पोचलेली असते. परवा असाच एक मुलगा गाडी घेऊन आला. गाडीखाली शिरण्याआधी मी त्याला कंट्रोलरच्या चार वायरी दाखवल्या: पांढरी, काळी, लाल, निळी.

"काका, सगळ्यात महत्त्वाची कुठली?"

"सगळे निळी म्हणतात. मी पांढरी म्हणेन."

पांढरी म्हणजे अर्थिंग, परतीची वाट. जुन्या ट्रेलरांना ही वायरच नसायची. करंट हूकच्या बॉलमधून लोखंडातून परत यायचा. बॉलला ग्रीस लावलं किंवा गंज चढला की वाट बंद. मग डावा इंडिकेटर दिला की उजवा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की सगळेच दिवे मंद होतात, आणि मालक बल्ब बदलत बसतो. ट्रेलरच्या दिव्यांच्या दहा तक्रारींपैकी आठ इथेच मिटतात. काळी वायर थेट बॅटरीपासून, वाटेत सर्किट ब्रेकर, एक-दोन आसांच्या ट्रेलरला वीस अँपियरचा. लाल वायर ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला, पण स्विचच्या त्या बाजूला जिथे पेडल वर असताना करंट नसतो. टेस्टलँप लावून हे पाहायचं, अंदाजाने नाही. आणि निळी निघते कंट्रोलरमधून, गाडीखालून मागच्या सॉकेटपर्यंत आणि तिथून चुंबकांपर्यंत.

वायरी जोडताना मी मुलांना एक गोष्ट ठासून सांगतो. वायर न सोलता दाबून बसवायच्या चिमट्याच्या क्लिपा मिळतात, त्या वापरायच्या नाहीत. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. क्लिपेने वायरीच्या कवचाला जी चीर पडते तिच्यातून ते मीठ शिरतं, आणि दोन हिवाळ्यांत तांब्याची हिरवी भुकटी होते. क्रिम्प करा, वर गरम करून आवळणारी नळी चढवा, मग दुसरं काम.

आणि रंग! रंगांच्या बाबतीत अमेरिकेने घातलेला घोळ मी सेवेत असेपर्यंत निस्तरत होतो. लहान ट्रेलरांच्या चार वायरी पांढरी, तपकिरी, पिवळी आणि हिरवी. पिवळीत डावा इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा एकत्र, हिरवीत उजवा आणि ब्रेक एकत्र, कारण अमेरिकन गाड्यांत एकच लाल दिवा दोन्ही कामं करायचा. जपानी आणि युरोपी गाड्यांत इंडिकेटर वेगळा, केशरी. म्हणून त्या गाड्यांना मध्ये एक डबी लागते, जी दोन वेगळे निरोप एकात मिसळते. आताच्या गाड्यांत तर प्रत्येक बल्बवर कॉम्प्युटरची नजर असते, त्यामुळे डबीला बॅटरीकडून स्वतंत्र वीज द्यावी लागते, नाहीतर डॅशबोर्डवर तक्रारी सुरू. हे एकवेळ ठीक. पण घरगुती ट्रेलरमधली काळी वायर बॅटरीची, आणि मोठ्या ट्रकच्या सॉकेटमधली काळी वायर कडेच्या दिव्यांची! निळी इकडे विजेच्या ब्रेकची, तिकडे १९९८ पासूनच्या ट्रेलरांत एबीएसला वीज देणारी. दोन्हीकडे पिना सातच. ट्रकच्या जगातला मेकॅनिक हौशी माणसाच्या ट्रेलरला हात लावतो तेव्हा तो प्रामाणिकपणे चुकीची वायर जोडतो.

आता तुटलेल्या वायरचा प्रश्न. ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला तर सॉकेट निखळणार, निळी वायर मेली, ब्रेक नाही. वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये सोडवलेलं कोडं इथे पुन्हा उभं. त्यासाठी ट्रेलरच्या दांडीवर एक छोटी बॅटरी आणि एक स्विच बसवतात. स्विचमध्ये पिन, पिनेला तारेचा दोर, दोराचं दुसरं टोक गाडीला. ट्रेलर सुटला की दोर पिन ओढतो, आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी चुंबकांना वीज देते. व्यावसायिक वाहनांसाठी अमेरिकेत केंद्राचा नियम आहे की सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान पंधरा मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. बॅटरी मेलेली असेल तर अर्थात काहीच होत नाही, आणि ती मेलेली आहे हे पिन ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या मुलाला मी ती ओढायला लावली. चाकातून गुणगुण ऐकू आली तेव्हा त्याचा विश्वास बसला.

मग रिकाम्या रस्त्यावर ताशी पंचवीस मैलांनी जाऊन, पेडलला पाय न लावता, कंट्रोलरची छोटी मूठ दाबायची. ट्रेलरची चाकं जाम होण्याच्या किंचित अलीकडे करंट बेतायचा. ही मूठ आणखी एका कामाची आहे. मागचा ट्रेलर डोलायला लागला की माणूस घाबरून पेडल दाबतो, आणि नेमकं ते करायचं नसतं. गाडी मंदावते, ट्रेलर मागून ढकलतो आणि आणखी आडवा होतो. त्यावेळी फक्त मूठ दाबायची. ट्रेलर मागे ओढ घेतो आणि सरळ होतो. म्हणजे हातमुठीचा १९२० च्या दशकातला वारसा अजून टिकून आहे.

हे सगळं गावी, वाळव्याला गेलो की कुणाला सांगायची सोय नाही. आमच्याकडे हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाढं लोंबतंय, मागे दिवा असला तर नशीब. रेडियमच्या पट्ट्या लावा म्हणून कारखाने आणि आरटीओ दरवर्षी मोहीम काढतात, हंगाम सरेपर्यंत चिखलाने त्या झाकून जातात. ट्रॅक्टरला मागे सात पिनांचं सॉकेट असतं, कंपनीनेच दिलेलं. पुतण्याच्या ट्रॅक्टरचं मी उघडून पाहिलं तर आत कुंभारमाशीने घर केलेलं.

"तात्या, ट्रॉली आज ह्या ट्रॅक्टरला, उद्या त्या," तो म्हणाला. "वायर कोण जोडत बसणार?"

प्रश्न रास्त होता, आणि तो अमेरिकेतही येऊन गेला होता. १९४५ मध्ये लेनर्ड शोएन आणि त्याची बायको ॲना मेरी यांनी वॉशिंग्टन राज्यात यू-हॉल काढलं. ट्रेलर एका गावात भाड्याने घ्या, दुसऱ्या गावात सोडा. रोज नवी मोटार, नवा माणूस, कुठल्याच मोटारीत कंट्रोलर नाही. असल्या ट्रेलरांना सर्ज ब्रेक सोयीचा पडतो, आणि यू-हॉलच्या मोठ्या ट्रेलरांना आजही तोच असतो. मोटार मंदावली की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्याने दांडीतला दट्ट्या आत जातो आणि तेलाच्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर जितका जोरात ढकलेल तितका स्वतःलाच आवळेल. ना कंट्रोलर, ना निळी वायर. होडीवाल्यांचाही हाच लाडका, कारण पाण्यात बुडणाऱ्या चाकात वीज टिकत नाही.

पुतण्याने सगळं ऐकून घेतलं. ट्रॅक्टरची किल्ली बोटात फिरवत त्याने विचारलं, "कारखान्यावर गव्हाणीला ट्रॉली मागं घ्यायला लागती. मागं रेटली की दट्ट्या आत जाणार. मग ब्रेक लागणार न्हवं?"

अमेरिकेतल्या लोकांनाही हीच अडचण आली होती. त्यांनी तेलाच्या वाटेवर एक विजेची झडप बसवली. रिव्हर्सचा दिवा लागला की ती बंद होते आणि ब्रेक लागत नाही. चार वायरींच्या सपाट सॉकेटला त्यासाठी पाचवी वायर आली, मी त्याला सांगितलं.

"मग वायर आलीच की ओ, तात्या," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टर सुरू केला.